खुंटी फिरली, पण बसली का? पियानो ट्यूनिंगच्या अवजारांचा हात

प्रश्न असा आहे : "घरच्या अपराइट पियानोसाठी ट्यूनिंगचं किट घेतलं. त्यात हॅमर, चार रबरी म्यूट, फेल्टची लांब फीत आणि ट्यूनिंग फोर्क आहे. सोबत फोनवरचं अ‍ॅप वापरतो. प्रत्येक सूर अ‍ॅपवर शून्यावर आणून ठेवतो, तरी दोन दिवसांत निम्मे सूर हललेले असतात. काही तर चार वेळा जोरात वाजवले की लगेच बेसूर. अवजारं हलकी आहेत की माझंच काही चुकतंय?"

दोन्ही थोडं थोडं, पण चूक हाताची जास्त आहे. तुमच्या प्रश्नात एक वाक्य फार बोलकं आहे : "शून्यावर आणून ठेवतो." आणताय खरं, ठेवत नाही आहात. तार त्या क्षणी शून्यावर असते कारण तुमचा हात अजून हँडलवर असतो, खुंटी पिळलेली असते आणि तारेच्या एका तुकड्यात ताण जास्त, दुसऱ्यात कमी असतो. हात काढला, चार वेळा वाजवलं, की ही सगळी उसनवारी फिटते आणि सूर जिथे जायचा तिथे जातो.

आधी नावाचा घोळ निस्तरू. या अवजाराला हॅमर म्हणतात, पण त्याने काही ठोकायचं नसतं. पियानोच्या आत तारांवर आपटणाऱ्या हातोड्या वेगळ्या. गोंधळ नको म्हणून इथे मी त्याला पाना म्हणतो. तो पानाच आहे, फक्त लांब दांड्याचा.

आता खुंटीकडे बघा. तंबोऱ्याची किंवा व्हायोलिनची खुंटी शंकूसारखी निमुळती असते. सैल वाटली तर आत दाबली की घट्ट बसते. पियानोची खुंटी तशी नाही. ती साधारण ७ मिमी जाडीची, सहा सेंटिमीटरच्या आसपास लांब पोलादी सळई आहे. तिच्यावर बारीक आटे असतात, पण ती स्क्रूसारखी पिळून बसवलेली नसते. कठीण लाकडाच्या अनेक थरांच्या पिनब्लॉकमध्ये ती ठोकून बसवलेली असते आणि निव्वळ घर्षणावर टिकते. एका तारेचा ताण सरासरी ७०-८० किलोच्या घरात. सव्वादोनशेच्या आसपास तारा धरल्या, तर सगळ्यांचा मिळून १६ ते १८ टन होतो. हा ताण खुंटीला सतत उलटं फिरवायला बघतो आणि लाकूड तिला धरून ठेवतं.

पाना खुंटीच्या वरच्या टोकाला लागतो, पकड मात्र आत लाकडात. त्यामुळे तुम्ही जोर लावता तेव्हा आधी वरचं टोक पिळतं, आतलं टोक जागेवरच राहतं. सूर तेवढ्यानेही चढतो. अ‍ॅप खूश, तुम्ही खूश. खुंटी मात्र फिरलेलीच नाही. शिवाय जोर आडवा लागला तर खुंटी पिळते तशी किंचित वाकतेही. झेंड्याची काठी वाऱ्याने वाकावी तशी. तेवढ्यानेही सूर बदलतो. म्हणजे सूर बदलण्याची तीन कारणं तुमच्या हातात एकाच वेळी असतात : खुंटी खरोखर फिरणं, पिळणं आणि वाकणं. टिकणारं त्यातलं फक्त पहिलं.

हे किती बारीक काम आहे, त्याचा एक ढोबळ हिशेब. मधल्या सीला सी-४ म्हणतात, त्याच्या वरचा ए म्हणजे ए-४, ४४० हर्ट्झचा. त्याची तार एक मिलिमीटर जाडीची आणि बाजूचे न वाजणारे तुकडे धरून साठ सेंटिमीटर लांब माना. पूर्ण ताणावर ती जेमतेम पावणेतीन मिलिमीटर लांबलेली असते. अर्ध्या सुराचा, म्हणजे एका सेमीटोनचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट. तेवढा सूर चढवायला ती तार आणखी सुमारे तीन मायक्रॉन ताणायची. केसाच्या जाडीचा साधारण विसावा भाग. तीस सेंटिमीटरच्या दांड्याचं टोक त्यासाठी जेमतेम पाव मिलिमीटर हलतं. अगदी वरच्या सुरांच्या तारा फार आखूड, तिथे हालचाल याहूनही कितीतरी कमी. कोपरातून, खांद्यातून जोर लावणाऱ्याला पाव मिलिमीटर कळत नाही. बोटांच्या पेरांना कळतो.

अवजार हलकं आहे का, याचं उत्तर दोन मिनिटांत मिळेल. पाना एखाद्या खुंटीवर पूर्ण बसवा आणि खुंटी न फिरेल इतक्या अलगद हाताने दांडा डावी-उजवीकडे हलवा. खडखड किंवा पोकळी जाणवली तर टिप, म्हणजे पान्याचं खुंटीवर चढणारं टोक, नीट बसत नाही. खुंटीचं डोकं चौकोनी आणि किंचित निमुळतं असतं. टिप त्यावर शेवटपर्यंत घट्ट बसायला हवी. सर्वसाधारण पियानोला दोन नंबरची टिप चालते, पण खुंट्या बदलून जाड घातलेल्या असतील तर नाही. स्वस्त किटमध्ये बहुतेक वेळा टिपच मऊ लोखंडाची असते आणि दांडा डोक्यापाशी वाकतो. दांडा वाकला की तुमच्या पाव मिलिमीटरातला निम्मा दांड्यातच मुरतो. एकच गोष्ट बदलायची असेल तर पाना बदला. म्यूट आणि फोर्क तेच ठेवा, त्यांनी काही बिघडत नाही. टिप आठ कोनांची, चांदणीच्या आकाराची घ्या. ती खुंटीवर दर ४५ अंशांनी बसते. चौकोनी भोकाची टिप ९० अंशांनीच बसते, मग दांडा हवा त्या दिशेला येत नाही.

दिशेचा मुद्दा माझ्या मते या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित आहे. घड्याळाचे काटे डोळ्यांसमोर आणा. अपराइटमध्ये, म्हणजे उभ्या पियानोत, तार खुंटीपासून खाली जाते. दांडा सरळ वर, म्हणजे बारा वाजता धरला, तर सूर चढवायला तो उजवीकडे ढकलावा लागतो. खुंटी वाकलीच तर तारेला काटकोनात वाकते, त्याचा सुरावर फारसा परिणाम होत नाही. आता दांडा तीन वाजता धरून बघा. चढवायला दांडा खाली दाबायचा. खाली दाबताना खुंटी तारेच्याच दिशेने वाकते, म्हणजे फिरण्याने ताण वाढतो आणि वाकण्याने कमी होतो. अ‍ॅपवर शून्य दिसतं तेव्हा खरी खुंटी शून्याच्या पुढे गेलेली असते. हात सुटला की सूर वर उडी मारतो. वर्षानुवर्षं असं केलं तर खुंटीच्या भोकाचा खालचा काठ चेपतो, ते वेगळंच. म्हणून अपराइटला बारा ते एक. ग्रँडमध्ये, म्हणजे आडव्या पियानोत, तारा तुमच्यापासून लांब जातात. तिथेही दांडा तारांच्या रेषेत, बारा ते दोनच्या दरम्यान ठेवा. लोखंडी फ्रेमची दांडी मध्ये आली तर अकरावर जावं लागतं, त्याला इलाज नाही. तीन आणि नऊ मात्र टाळा.

आता एक तार नीट लावून बघू. ए-४ ला तीन तारा असतात. बाजूच्या दोन फेल्टच्या फितीने गप्प केल्या, मधली वाजते आहे आणि ती सहा सेंट उतरलेली आहे. पाना खुंटीवर तळापर्यंत ढकला. दांड्याचं टोक धरा, मध्य नाही. एका बाजूला अंगठा, दुसऱ्या बाजूला दोन-तीन बोटांची पेरं. कोपर किंवा मनगट पियानोच्या कडेवर टेकवा, हात हवेत लोंबकळत ठेवू नका. दुसऱ्या हाताने सेकंदाला एकदा, सारख्या जोराने पट्टी वाजवत राहा.

पहिली हालचाल वर नाही, खाली. केसभर सैल करा. जुन्या तारा टेकूच्या जागी गंजाने चिकटलेल्या असतात. थेट वर ओढल्या तर तिथेच तुटतात. सैल करताना कधी कधी बारीक 'टिक्' ऐकू येतं, तो चिकटपणा सुटल्याचा आवाज. मग सावकाश वर ओढा. सूर थोडा चढेल. इथे थांबून हात सोडा आणि ऐका. सूर परत खाली आला ना? म्हणजे आतापर्यंत फक्त पीळ होता. पुन्हा ओढा, जोर वाढवत न्या. एका क्षणी बोटांना आतून एक बारीक घसरण जाणवेल, टेबलावर जड डबा सरकवताना तो पहिल्यांदा हलतो तशी. ही खुंटी लाकडात फिरली. सूर शून्याच्या पुढे, तीनेक सेंट वर जाऊ द्या. हात पूर्ण काढा.

आता पट्टी जोरात वाजवा, तीन-चार वेळा. खुंटीपासून पहिल्या टेकूपर्यंतच्या तुकड्यात ताण साठलेला असतो, कारण टेकूवर घर्षण असतं. जोरदार आघाताने तार त्या टेकूवरून सरकते आणि दोन्ही बाजूंचा ताण सारखा होतो. सूर बहुधा खाली येतो, समजा एक सेंट वर येऊन थांबला. मग पाना डाव्या बाजूला अलगद रेला. खुंटी आत फिरता कामा नये, फक्त उरलेला पीळ उलगडला पाहिजे. शून्यावर आला की हात सोडा आणि पुन्हा जोरात वाजवा. शून्यावरच राहिला तर पुढे.

शेवटची परीक्षा माझी आवडती आहे आणि तिला दोन सेकंद लागतात. दांड्यावर बोटाने उजवीकडे हलका दाब द्या. सूर किंचित चढला पाहिजे आणि दाब काढताच परत आला पाहिजे. तसाच डावीकडे : किंचित उतरून परत यायला हवा. दोन्हीकडे सारखाच हलला आणि सारखाच परतला, तर खुंटी निवांत बसली आहे. उजवीकडे दाबल्यावर वर गेला आणि तिथेच राहिला, तर ती वरच्या बाजूला सुटायला टपलेली आहे. डावीकडे उतरून परत आला नाही, तर उद्या सकाळी उतरलेला मिळेल. तुमचे निम्मे सूर दोन दिवसांत हलतात ते बहुतेक या दुसऱ्या प्रकारचे असणार.

पट्टी किती जोरात वाजवायची? गाणं वाजवताना जितका सगळ्यांत मोठा आवाज काढाल, त्याच्याहून थोडा जास्त. बोट ताठ ठेवा आणि पट्टीला चिकटवूनच खाली न्या. वरून घण घातल्यासारखं मारू नका, यंत्रणा तुटते. दिवसभर हा आवाज कानाशी असतो, म्हणून मी कापूस नाही, चांगले इअरप्लग वापरतो. त्यांनी आवाज कमी होतो, सूर ऐकायला अडचण येत नाही, उलट वरच्या सप्तकातली कर्कशता गेल्याने बीट, म्हणजे जवळजवळचे दोन सूर मिसळले की आवाजात येणारे हेलकावे, स्पष्ट होतात.

आतापर्यंत सांगितलेलं सावकाश ओढणं झालं. दुसरी पद्धत झटक्याची : दांड्याला फार छोटे, आखूड धक्के. घट्ट खुंट्यांवर झटका फायद्याचा, कारण पीळ साठायच्या आतच संपूर्ण खुंटी हलते. अनुभवी लोक दोन्ही मिसळून वापरतात. तुम्ही आधी सावकाश ओढणं हाताला बसवा. झटक्यात चूक झाली की तीही झटक्यात होते.

आणि पाना बरोबर खुंटीवर आहे ना, ते प्रत्येक वेळी बघा. शिकत असताना मी एका अपराइटवर पट्टी वाजवत होतो आणि पाना ओढत होतो, सूर ढिम्म हलेना. खुंटी घट्ट असेल म्हणून आणखी ओढलं. मग आणखी. पाना शेजारच्या सुराच्या खुंटीवर होता आणि ती तार म्यूटखाली गप्प होती. ती तुटली तेव्हा गोळी सुटल्यासारखा आवाज झाला आणि तारेचं टोक माझ्या हाताच्या मागून गेलं. तेव्हापासून नियम एकच : पाना हलवल्याबरोबर सूर हलला नाही तर ताबडतोब हात थांबवायचा आणि डोळ्यांनी तार खुंटीपर्यंत शोधत जायची. आधी किंचित सैल करायची सवय इथेही वाचवते. चुकीची खुंटी खालच्या दिशेला गेली तर तार तुटत नाही. जुन्या पियानोवर काम करताना चष्मा घालाच.

म्यूटबद्दल थोडक्यात. फेल्टची फीत मधल्या भागात, हातोड्यांच्या वरच्या बाजूला, शेजारच्या दोन सुरांच्या कडेच्या तारांमधल्या फटीत खोचत जायची. बोथट पेचकस किंवा प्लॅस्टिकची पातळ पट्टी वापरा. असं केलं की प्रत्येक सुराची मधली तारच वाजते. रबरी पाचर म्यूट फार आत कोंबू नका, तार बाजूला रेटली जाते आणि तुम्ही ऐकता तो सूर तिचा खरा नसतो. गप्प केलेली तार खरंच गप्प आहे का, हे बोटाने छेडून बघा. अर्धवट दाबलेली तार पाठीमागे गुणगुणत राहते आणि तुम्ही उगाच खुंटीवर राग काढता. अपराइटच्या वरच्या भागात हातोड्या आणि यंत्रणेमुळे पाचर घालायला जागाच नसते. त्यासाठी पॅप्स म्यूट नावाचा चिमट्यासारखा स्प्रिंगचा म्यूट मिळतो, तो हातोड्यांच्या दांड्यांमधून तारांपर्यंत जातो. तुमच्या किटमध्ये नाही, तो वेगळा घ्या. त्याच्याशिवाय अपराइटचा वरचा भाग लावणं म्हणजे छळ आहे.

फोर्क, म्हणजे ए-४ चा सूर देणारा चिमटा, गुडघ्यावर किंवा रबरावर आपटा, लोखंडावर नाही. दांडी पियानोच्या लाकडावर टेकवली की आवाज मोठा होतो. खिशात ठेवून गरम झालेला फोर्क किंचित उतरतो, म्हणून काम सुरू करायच्या आधी तो खोलीच्या तापमानाला येऊ द्या. फोर्क आणि ए-४ थेट जुळवायला अवघड जातं, कारण शेवटच्या अर्ध्या सेंटला बीट इतका संथ होतो की ऐकूच येत नाही. एक जुनी युक्ती वापरा. मधल्या सीच्या खालच्या एफच्याही खालचा एफ, म्हणजे एफ-२, फोर्कसोबत वाजवा. सेकंदाला साधारण साडेतीन हेलकावे ऐकू येतील, कारण एफ-२ चा पाचवा स्वरांश (मूळ सुरासोबत तारेतून आपोआप निघणाऱ्या वरच्या सुरांपैकी एक) ४४० च्या जवळ, पण थोडा खाली पडतो. मग तोच एफ-२ ए-४ सोबत वाजवा. दोन्ही वेळा हेलकाव्यांचा वेग सारखा आला तर ए-४ फोर्कशी जुळला. दोन वेगांची तुलना कानाला फार सोपी जाते. यासाठी एफ-२ आधी तंतोतंत लागलेला असायचीही गरज नाही. दोन्ही वेळा तोच एफ आहे, एवढं पुरे.

आता अ‍ॅप. ते कोणतं आहे हे तुम्ही सांगितलं नाही. गिटारसाठी केलेलं असेल तर पियानोवर ते अर्धसत्य सांगतं. पियानोची तार ताठ असते, त्यामुळे तिचे वरचे स्वरांश गणितात असायला हवेत त्यापेक्षा थोडे चढे असतात. सप्तकं कानाला खरी लागावीत म्हणून वरचे सूर थोडे चढे आणि खालचे थोडे उतरे ठेवावे लागतात. अगदी वरच्या टोकाला हा फरक तीसेक सेंटपर्यंत जातो. गिटारचं अ‍ॅप तिथे शून्य मागतं आणि पियानो बारीक, निस्तेज वाजतो. ट्यूनलॅब, व्हेरिट्यूनर, सायबरट्यूनर ही खास पियानोसाठीची साधनं तुमच्याच पियानोच्या तारा मोजून हा फरक ठरवतात. ती वापरली तरी दोन पथ्यं पाळा. फोन एकाच जागी ठेवा, हातात धरून फिरवू नका. आणि आघात झाल्याबरोबर दिसणारा आकडा घेऊ नका. जोरात वाजवलेली तार पहिल्या क्षणी चढी असते, मग स्थिरावते. पहिला अर्धा सेकंद जाऊ द्या आणि मग वाचा.

कानाने मधलं सप्तक लावायचं असेल तर एफ-३ पासून वर जाताना मोठ्या तिसऱ्या स्वरांच्या जोड्यांचे हेलकावे मोजा. एफ-३ आणि ए-३ सोबत वाजवले की सेकंदाला जवळजवळ सात, पुढच्या अर्ध्या सुरावर सव्वासात, मग पावणेआठ, सव्वाआठ, आणि ए-३ ते सी-शार्प-४ वर पावणेनऊच्या आसपास. वेग सारखा वाढत गेला पाहिजे. मध्येच एखादी जोडी मागच्यापेक्षा संथ आली तर तिथे चूक आहे. पंचम मात्र जवळजवळ स्थिर वाजतात. ए-३ ते ई-४ चार सेकंदांत फक्त तीन हेलकावे घेतो. मला सेकंद मोजत बसायची सवय नाही. कोणती जोडी जास्त घाईत आहे, एवढंच मी ऐकतो.

युनिसनवर सगळ्यांत जास्त वेळ घालवा. म्हणजे एकाच सुराच्या तीन तारा आपापसात जुळवणं. तिथे अ‍ॅप बाजूला ठेवा. ए-४ वर एका सेंटचा फरक म्हणजे चार सेकंदांत एक हेलकावा. अ‍ॅपला तो नगण्य वाटतो, कान मात्र तो लगेच पकडतो आणि सूर 'आंबट' वाटतो. मधली तार लागली की एका बाजूची फीत काढा, दुसरी तार तिच्याशी जुळवा, मग तिसरी. १९७७ साली भौतिकशास्त्रज्ञ गॅब्रिएल वाइनरिक यांनी दाखवलं की या तारा ब्रिजमधून, म्हणजे त्या ज्यावर टेकतात त्या लाकडी पट्टीतून, एकमेकींना ओढत असतात. सुरुवातीचा दणका लवकर विरतो, आणि मागे लांबत जाणारा आवाज कसा वागेल ते तारांमधल्या सूक्ष्म फरकावर ठरतं. म्हणून तिसरी तार जुळवताना सुरुवातीचा ठोका ऐकू नका, शेपूट ऐका. हेलकावा संथ होत होत थांबतो आणि सूर एकदम एकच होऊन मोकळा होतो. तो क्षण एकदा ऐकला की आकड्यांची आठवणही येत नाही.

तुमचा पियानो किती उतरलेला होता, हे प्रश्नात नाही. वीस सेंटपेक्षा जास्त उतरला असेल तर एका फेरीत तो लागतच नाही, हात कितीही चांगला असो. एका टोकाकडून तारा चढवत गेलात की फ्रेम आणि साउंडबोर्डवरचा (तारांचा आवाज मोठा करणाऱ्या लाकडी फळीवरचा) भार वाढतो, ते किंचित दबतात आणि आधी लावलेल्या तारा उतरतात. अशा वेळी पहिली फेरी भराभर, जरा चढीच लावायची. ढोबळ अंदाज असा : तार जितकी उतरली असेल त्याच्या चौथ्या हिश्श्याइतकी वर. चाळीस सेंट उतरली असेल तर दहा सेंट चढी. तांबं गुंडाळलेल्या खालच्या तारांना याहून कमी पुरतं, आणि जुन्या, गंजलेल्या असतील तर त्यांना अजिबात जास्त ताणू नका. दुसऱ्या फेरीत बारकाईने लावा.

काही खुंट्या कितीही नीट बसवल्या तरी टिकत नाहीत. पाना फिरवताना ती घसरण जाणवतच नाही, लोण्यातून फिरल्यासारखी खुंटी फिरते आणि हात सोडताच सूर दिसेल इतका खाली येतो. ते लाकूड सैल झालंय, अवजाराचा आणि तुमचा दोष नाही. एखाद-दुसरी असेल तर जाणकार तंत्रज्ञ भोकात पातळ सायनोअ‍ॅक्रिलेट गोंद सोडतो किंवा जाड खुंटी बसवतो. खुंटी हातोडीने आत ठोकायचा सल्ला कुणी दिला तर तो अपराइटवर स्वतः करून बघू नका.

आणि खोलीतली आर्द्रता. हवा दमट झाली की साउंडबोर्डचं लाकूड फुगतं, ब्रिज वर उचलला जातो आणि तारा चढतात. कोरडी झाली की उलट. हा बदल मधल्या भागात जास्त दिसतो. सगळे सूर मिळून एकाच दिशेने हलले तर हवेला दोष द्या. एक चढला, शेजारचा उतरला, तिसरा जागेवर, असं असेल तर तो पान्याचा दोष आहे. तुमच्या "निम्मे सूर" या शब्दावरून मला पान्याचाच दोष वाटतो. साधा आर्द्रतामापक पियानोच्या आत ठेवा. ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये काटा राहिला तर पियानो सुखी.

पुढचे पंधरा दिवस संपूर्ण पियानो लावायला घेऊ नका. मधल्या सप्तकातले पाच सूर निवडा, पंधरा तारा. रोज फक्त तेवढेच, वर सांगितलेल्या पद्धतीने. काम झालं की प्रत्येक तारेचा आकडा वहीत लिहा आणि शेजारी दांडा कोणत्या दिशेला होता तेही लिहा. दुसऱ्या दिवशी पाना हातात घ्यायच्या आधी त्याच तारा पुन्हा मोजून आकडा पुढच्या रकान्यात टाका. पाच दिवसांनी रकाने बघितलेत की कोणती खुंटी तुम्ही पिळून सोडता, कोणती वाकवून सोडता, ते तुमच्याच अक्षरात दिसेल. ती पानं आणि आर्द्रतेचा आकडा इथे लिहून पाठवा, त्यावरून नेमकं सांगता येईल.